सहा फोन, एक कॅलेंडर

"दवाखान्यात दोन तास बाकावर बसून होती बिचारी," दादा म्हणाले. "आणि मी इकडे कोर्टात. माझ्या फोनात तर तिची वेळ गुरुवारची होती!"

कचेरीतल्या ताईंनी आपल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. तिथे मंगळवार होता. त्यांनी स्वतः बदललेला.

संस्था दुभाष्यांची. कर्णबधिर माणसांना डॉक्टरकडे, कोर्टात, शाळेत काही बोलायचं असलं की इथून दुभाषी जायचा आणि त्यांच्या खुणा बोलून दाखवायचा. दुभाषी सहा, त्यात दादा सर्वांत जुने. कोणी, कुठे, किती वाजता जायचं हे ताई ठरवायच्या, गेली बावीस वर्षं. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. पण फोन सहा जणांचे आणि तीन कंपन्यांचे. एकाला बदल दिसायचा, दुसऱ्याला नाही.

बाकावर बसून राहिलेली बाई शिवणकाम करायची. आठवा महिना चालू होता. दुभाषी आला नाही म्हणून डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं, तिने मान डोलावली आणि ती घरी गेली. काय लिहिलं होतं ते तिला नीट कळलं नव्हतं.

"ते फोन कंपनीचे विक्रेते परत येऊन गेले," संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी त्यांच्याच कंपनीचे फोन घ्यायचे. डोक्याला ताप नाही."

"आणि उद्या त्यांना सोडायचं म्हटलं तर? आपली नावं, पत्ते, तारखा परत देतील?" ताईंनी विचारलं.

"विचारलं मी. नुसते हसले."

"मला पंधरा दिवस द्या, मॅडम."

"तुम्ही? ताई, हे इंजिनियरचं काम आहे."

"हो, पण कॅलेंडर माझं आहे ना."

फोनात नवं खातं जोडायला गेलं की मोठमोठ्या कंपन्यांची यादी येते आणि सर्वांत खाली 'इतर' असं असतं. तिकडे कोणी फिरकत नाही. ताईंनी तेच दाबलं होतं. वाचत गेल्यावर त्यांना कळलं, की कॅलेंडर आणि संपर्क एकमेकांना कसे कळवायचे याचे नियम केव्हाच ठरलेत, सगळ्यांसाठी खुले आहेत आणि कुठल्या एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. आपलं कॅलेंडर आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं. ते नियम पाळणारा कोणताही फोन येऊन त्यातलं वाचेल आणि त्यात लिहीलही.

"म्हणजे फोनांचा दुभाषी!" दादा म्हणाले.

कपाटावर धूळ खात पडलेला कॉम्प्युटर ताईंनी खाली काढला. चार दिवस एकही फोन त्याला जोडला जाईना. त्यांनी इंटरनेटवरच्या एका मंचावर प्रश्न टाकला. कोण कुठल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं: पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ राहिली आहे. ताईंनी रेघ मारली आणि दादांचा फोन जोडला गेला. चार दिवस जीव खाऊन शेवटी काय, तर रेघ!

मग संपर्क. यादीत एकच सुतार चार वेळा, चार नंबरांनी. 'बहिणीचा नंबर', 'फक्त मेसेज', 'शेजारी निरोप देतात' अशा नोंदी ताईंनी एकेका नावापुढे लिहिल्या. दोन वर्षांपूर्वी वारलेले एक गृहस्थ मात्र यादीतून काढले की दुसऱ्या दिवशी हजर.

"अहो, यांना किती वेळा निरोप द्यायचा?" ताईंनी कपाळाला हात लावला.

दादांच्या खणातला जुना फोन त्यांना पुन्हापुन्हा परत पाठवत होता. तो बंद केला तेव्हा कुठे ते गेले.

पंधराव्या दिवशी सहाही फोनांवर एकच कॅलेंडर होतं. मॅडम नुसत्याच "बघू" म्हणाल्या.

शिवणकाम करणाऱ्या बाईचं बाळंतपणाचं ऑपरेशन दुपारी तीनला ठरलं होतं आणि जाणार होते दादा. सकाळी पावणेदहाला हॉस्पिटलचा निरोप आला: अकरालाच करावं लागेल. दादा तेव्हा कोर्टात, फोन खिशात, आवाज बंद. ताईंनी तीन पुसून अकरा लिहिले, दादांचं नाव काढलं आणि दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला रिसीव्हर उचलला.

नंबर फिरवायच्या आधीच पडद्यावरची ओळ बदलली. तिथे सहाव्या, सर्वांत नव्या दुभाषी मुलीचं नाव आलं होतं आणि खाली दोन शब्द: 'जवळच आहे.'

ताईंनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मॅडम मागे उभ्या होत्या.

"हे तुम्ही तिला सांगितलंत?"

"नाही. तिचं तिनेच बघितलं." ताईंचा आवाज जरा चढलाच होता आणि त्यांनी तो उतरू दिला नाही.

संध्याकाळी ती मुलगी आली ती धापा टाकतच. "ताई, भुलीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं होतं. ती खुणांनी सांगायला लागली, मागे याच औषधानं माझा श्वास अडकला होता. मी बोलले, त्यांनी औषध बदललं. मुलगी झाली. दोघी छान आहेत!"

ताईंनी पदराने चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

तीन आठवड्यांनी बाई बाळाला घेऊन कचेरीत आली. नव्या दुभाषी मुलीशी तिचे हात भराभर चालले होते. मध्येच तिने ताईंकडे पाहिलं आणि दोन्ही तर्जन्या लांबून जवळ आणून शेजारीशेजारी चिकटवल्या.

"काय म्हणतेय?" ताईंनी विचारलं.

"नाव ठेवलंय तुमचं," दादा म्हणाले. "आपलं माणूस वाटलं की हे लोक त्याच्यासाठी एक खूण ठरवतात. आता सगळे तुम्हाला याच खुणेनं ओळखणार. जुळवणारी."

बावीस वर्षं ताई टेबलाच्या या बाजूला होत्या. खुणा त्यांना पाचसहाच यायच्या. त्यांनी हातातली पेन्सिल ठेवली आणि आपलं नाव करून पाहिलं. डावं बोट जरा वाकडं पडलं.

बाईने बाळ दुभाषी मुलीकडे दिलं, टेबलावरून हात पुढे केला आणि ते बोट सरळ केलं.