बांधणीला गेलेले अंक

१९९७ साली कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आला आणि नियतकालिकांच्या अंकांवर बारकोड चिकटले. तो विभाग वहिनीकडे होता, आणि तिच्या हाताखाली रोजंदारीवर तिचीच थोरली नणंद. नवरा गेल्यापासून वन्सं भावाकडेच राहायच्या. त्या वर्षी त्यांना कायम करायचं घाटत होतं. मग स्वतःची खोली घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वहिनी कॉम्प्युटर शिकायला परगावी जाऊन आली आणि लगेच पडताळणी लागली. कपाटातल्या अंकांवरून स्कॅनर फिरला. रसायनशास्त्राचं आदलं अख्खं वर्ष कॉम्प्युटर गायब दाखवू लागला.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" ग्रंथपालांनी विचारलं.

"वन्संकडे," वहिनी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मग अंक मिळेपर्यंत त्यांची फाइल इथेच राहील. आणि हे तूर्त बाहेर बोलू नका."

वहिनी बोलली नाही, पण तिचे डोळे बोलायला लागले. वन्सं एवढी मोठी पिशवी कशाला आणतात? रद्दीवाल्याशी इतकं हसून काय बोलायचं असतं? घरी वन्सं पोळ्या लाटत, आणि वहिनी त्यांच्या हातांकडे बघत बसे.

एका दुपारी वन्सं हात धुवायला गेल्या, तशी तिने पिशवीची चेन ओढली. लोकर, सुया, चष्म्याचं घर.

"काय शोधतेस गं?" दारात वन्सं उभ्या.

वहिनीने चेन ओढून घेतली. "डोकं दुखतंय. गोळी बघत होते."

"गोळ्या तुझ्याच ड्रॉवरमध्ये असतात. खरं बोल."

मग तिने सगळं ओकून टाकलं. वन्सं तिला मागच्या मांडणीकडे घेऊन गेल्या आणि एक नवा कोरा, जाडजूड खंड तिच्या हातात ठेवला. "तू शिकायला गेलीस तेव्हा मीच गठ्ठा बांधणीला दिला. दरवर्षी याच सुमारास देतो ना आपण?"

अंक सगळे होते, ओळीने शिवलेले. मुखपृष्ठं तेवढी नव्हती. खंड बोजड होऊ नये म्हणून बाइंडर ती नेहमीच काढून टाकायचा. आणि बारकोड मुखपृष्ठांवर होते. पटकन दिसतील म्हणून वहिनीनेच तिथे लावून घेतले होते.

"चुकलंच माझं, वन्सं."

"बारकोड चुकतात गं. पण एका ताटात जेवतो आपण. एका शब्दाने विचारायचं होतंस."

वन्सं कायम झाल्या, आणि पहिला पगार हातात पडताच खोली घेऊन निघून गेल्या. कामावर देवघेवीच्या टेबलावर बदली मागून घेतली. तिथूनच निवृत्त झाल्या. ग्रंथपाल मुलीकडे राहायला गेले. नियतकालिकं कॉम्प्युटरवरच यायला लागली, तसा बाइंडरने लग्नपत्रिकांचा धंदा धरला. वहिनी पुढे ग्रंथपाल झाली.

बहीण अशी तडकाफडकी का गेली, ते भावाला कधीच उमगलं नाही. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "वन्संनाच विचारा." आणि वन्संना विचारलं की त्या म्हणायच्या, "तुझ्या बायकोला विचार."