हिरव्या सायकलची सीट

ग्लेनिसने हिरवी सायकल दोन गुडघ्यांत धरली, सीट दोन्ही हातांनी पकडली आणि पिळली. सीट तसूभरही हलली नाही.

शिंपल्यांच्या शेडमध्ये अठरा वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. सायकलच्या पोलादी नळीत सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा, त्यात सेड्यूना बंदराचं खारं वारं. ग्रीस लावायचं राहिलं की दोन्ही एकजीव होतात. ही सीट आता जन्मात वर सरकणार नव्हती, आणि तिची पंधरा वर्षांची लेक ब्रॉनी तर ताडमाड वाढत चालली होती.

शेजारची तपकिरी सायकल जरा मोठी होती, पण तिची सीट एका बोटाने वरखाली होत होती. दोन्ही लांब पल्ल्याच्या, दोन्हींची किंमत दोनशे डॉलर. तपकिरी ब्रॉनीला सहज चार वर्षं पुरली असती.

सोळा पूर्ण झाली की पोर्ट लिंकनला बाबांकडे सायकलने जाणार, असं पोरीने फ्रिजवर लिहूनच ठेवलं होतं. चारशे किलोमीटर. एकदा गेली की ती परत येत नाही, हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं. नवरा कधीच निघून गेला होता. त्याची अंथरुणाला खिळलेली आई तेवढी ग्लेनिसच्या गळ्यात ठेवून. ब्रॉनीही गेली, तर त्या घरात श्वास कुणाच्या जिवावर घ्यायचा?

"हिरवी नको घेऊस गं," मरे म्हणाला. विकायला काढलेल्या सायकली त्याच्याच. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, खोटं बोलणं त्याला जमत नसे. "तिची सीट..."

"रंग छान आहे," ग्लेनिसने त्याला मध्येच तोडलं.

मरेने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हवेचा पंप आणायला तो आत गेला.

ब्रॉनी हिरवीवरून धक्क्यापर्यंत एक चक्कर मारून आली. आज तरी तिचे पाय अगदी बरोबर पोचत होते.

"हीच घेऊ या?" ग्लेनिसने विचारलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हीच." ब्रॉनी सीटवरची धूळ पुसत राहिली. "जाम आहे ना गं सीट? मी आल्या आल्याच बघितलं."

"मग कशाला घेतेस?"

"तपकिरी मला आत्ता मोठी होते. आणि हिरवी सोळा पूर्ण होईपर्यंत पुरायची नाही." ती आईकडे बघत नव्हती. "म्हणून या सुट्टीतच जाते. बाबांना कळवलंय."

मरे पंप घेऊन बाहेर आला आणि पुढच्या चाकाशी वाकला. ग्लेनिसने पंप त्याच्या हातातून घेतला आणि ती मागच्या चाकापाशी बसली.

"मागे जास्त हवा लागेल," ती म्हणाली. "सामान असणार."