मी दाखवलं, पण घेणारे कुठे होते?

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो. डाव्या कोपऱ्यात चरा आहे आणि सुरू व्हायला मला थोडा वेळ लागतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पण आर्वीच्या टायपिंगच्या क्लासमधले दिवस आठवतात. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायचे. मग पातळ, रुंद पडदे आले आणि मी दोन वर्षं पोत्याखाली पडून राहिलो. तिथून मला तळेगावच्या किशोरने आणलं.

किशोर रोज पहाटे हर्रासात, म्हणजे लिलावात, भाजी घ्यायचा आणि त्याची बायको उज्वला ती गाळ्यावर विकायची. गाळा भाड्याचा होता. मालक पुंडलिकरावांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत विकत घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. उज्वलेने अकरा वर्षं पै-पै साठवली होती. तरी थोडी रक्कम कमी पडत होती. तेवढीच भर घालायला किशोर शेअर बाजारात उतरला.

माझ्यावर वर भावाची रेघ दिसे आणि खाली उभे दांडे. दांडा उंच असला की त्या दिवशी पुष्कळ शेअर हातोहात गेले, बुटका असला की थोडेच. पाइप बनवणाऱ्या एका लहान कंपनीचा भाव महिनाभर चढत होता, पण दांडे दिवसेंदिवस बुटके होत होते. म्हणजे भाव वाढत होता, पण घेणारे आटत चालले होते. मी ते स्वच्छ दाखवत होतो. किशोरने मात्र ते भाजीबाजाराच्या डोळ्यांनी वाचलं.

"पाह्य, आवक घटून राह्यली," तो उज्वलेला म्हणाला. "माल कमी आला का भाव चढतेच."

उज्वला शेंगा निवडत होती. ती उठून त्याच्या पाठीमागे, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दुपारी बजारात कोनी नसते, तवा मी बी वांगे साठ रुपये सांगते. पन घेते कोन? इथं घेनारे किती हायेत?"

माझा जीव भांड्यात पडला. या बाईने मला बरोबर ओळखलं होतं.

"तुले काय समजते यातलं?" किशोर मान न वळवता म्हणाला. "पंधरा वर्सं हर्रासात उभा राह्यतो मी."

ती परत शेंगा निवडायला बसली. त्याने गाळ्याची सगळी रक्कम त्या एका कंपनीत घातली.

आठ दिवसांनी भाव घसरला. बाजाराच्या नियमाने दिवसाला जेवढा पडू देतात तेवढा पडायचा आणि व्यवहार तिथेच अडकायचा. किशोर रोज सकाळी शेअर विकायला लावायचा, पण घ्यायला कोणीच नव्हतं. दांडे तर आता दिसतही नव्हते. त्याच्या हिशेबाने आवक नव्हतीच, तरी भाव बुडत होता.  अखेर शेअर विकले गेले तेव्हा रकमेचा चौथा हिस्साही उरला नव्हता.

दिवाळीआधी गाळा दुसऱ्याचा झाला. आता उज्वला रस्त्याच्या कडेला, उन्हात, पोतं अंथरून बसते. ती गाळ्याची किल्ली परत देऊन आली त्या दिवशी किशोर माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता.

"तू सांगतलं होतं. मी आयकलं नाई," तो म्हणाला.

"तुमचं जाऊ द्या," ती म्हणाली. "मले समजत होतं, तरी मी दुसऱ्यांदा बोलली नाई. काऊन नाई बोलली, तेच उमजत नाई मले."

 किशोरने माझी वायर काढली. 

मित्रांनो, माझ्यासारख्यांना धुळीपासून जपा, काच ओल्या फडक्याने पुसू नका. आणि माझ्यासमोर बसाल तेव्हा मागून कोणी काही विचारलं, तर मान वळवून त्याच्याकडे बघा. मला मान वळवता येत नाही. 'तुले काय समजते' ऐकून उज्वलेचा चेहरा कसा झाला होता, ते किशोरला दिसलं नाही. मला समोरून दिसलं.