शेंदराखालचा नंबर

"माय, आधी पाटी देखजो, मंग पुस्तक उघाडजो."

शालिग्रामअण्णा स्टोअरचं काम सुषमाच्या हाती देऊन अमळनेरकडे आपल्या गावी गेले, त्याला सहा वर्षं झाली. पण सुरतेतल्या उधन्याच्या यार्डात ती रोज कुलूप काढायची तेव्हा अण्णांचा हा आवाज आधी आत शिरायचा आणि मागून ती.

आज मात्र त्या आवाजाचं काय करावं, तेच तिला उमजेना.

बाहेर पिवळा टेलिहँडलर उभा होता. लांबलचक बूम, म्हणजे पोलादी हात, पुढे काढून सळ्यांची मोळी चौथ्या मजल्यावर अलगद ठेवणारी गाडी. पण महिनाभरापासून तिला दुखणं जडलं होतं. भार उचलून थांबवला की बूम आपोआप खाली यायचा, कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याची मान यावी तसा. उचलायच्या जॅकमधलं तेल अडवणारं सील गेलं होतं. यार्डाचे मालक बन्सीलालशेठ यांनी अंदाजानं कुठलंसं बसवून घेतलं, त्याच्या दोन दिवसांत चिंध्या झाल्या. मग सुषमानं पार्टबुक, म्हणजे सुट्या भागांचं पुस्तक, बघून मागवलं. ते बसेना. दुकानदाराची चूक असेल म्हणून पुन्हा मागवलं, तर दुसरंही पहिल्याचं जुळं भावंड!

"ताई, काय म्हणते तुमची पोथी?" दत्तू मिस्त्रीनं चिंधीला हात पुसत विचारलं. पार्टबुक ती लाल फडक्यात बांधून ठेवायची, म्हणून तो पोथीच म्हणायचा.

"पोथी बरोबरच सांगते रे. हे चित्र बघ. जॅक, त्यात सोळा आकडा, खाली यादीत सोळा. मागवलं तेच आलंय."

"मग जॅक खोटा बोलतो?"

"तू नीट बसवलंस ना?"

"घ्या! आता मीच सापडलो. अहो, ढिलं पडतंय. जावयाला सासऱ्याची टोपी घातल्यासारखं."

सुषमाला हसू आलं नाही. कारण दाराशी छगन उभा होता, गाडीचा ऑपरेटर. चप्पल बाहेर काढूनच तो आत आला.

"ताई, शेठ म्हणतात, उद्या सकाळी गाडी हजिऱ्याच्या साइटवर न्यायची. आहे तशी."

"आहे तशी?"

"बूमखाली आमचा लोटू ऱ्हातो, माल धराले. सख्खा भाऊ शे मना. मी वर लिव्हर धरून बसतो आणि नजर सारखी त्याच्या डोक्यावर." छगननं टेबलावरच्या गेटपासच्या पुस्तकाकडे बोट केलं. "शेठसमोर माझं काय चालणार? पण गेटपास तुम्ही लिहिता."

सुषमा हळू बोलणारी बाई. बोलली तेही हळूच, "सील बसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, छगनभाऊ. माझा शब्द."

तो गेला. शब्द तर दिला, पण सील आणायचं कुठून?

तेवढ्यात बन्सीलालशेठ डोकावले. "सुषमाबेन, गेटपास लिहून ठेवजो. थोडंसं उतरतं, त्यात काय? चाले!"

"शेठ, संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळपर्यंत काय आकाशातून पडणार?" म्हणत ते गेलेही.

तिनं पुन्हा पान उघडलं. सोळा आकड्यापुढे दोन ओळी होत्या. ४१२०० नंबरपर्यंतच्या गाड्यांना एक सील, ४१२०१ पासून पुढच्यांना दुसरं. रजिस्टरात या गाडीचा नंबर होता ४११८६. म्हणजे पहिली ओळ. तीच तर मागवली होती! मग चुकलं कोण? पुस्तक, दुकानदार, दत्तू की आपण? एकेकावर बोट ठेवून पाहिलं, कुणावरच ठरेना.

आधी पाटी देखजो.

पण अण्णा, या गाडीला नंबरची पाटीच कुठे आहे? तिनं मनातल्या मनात विचारलं. पाटी बघायला अण्णांनी शिकवलं ते दुसऱ्या गाडीवर. अशा दोन गाड्या एकदमच आल्या होत्या. एक पुढे विकली, आणि शेठनी तिचं पान रजिस्टरातून फाडून गिऱ्हाइकाला दिलं. त्या गाडीची पाटी पुढच्या उजव्या चाकामागे होती, छातीच्या उंचीवर.

आणि या गाडीला त्या जागी...

सुषमा उठली. चाकामागे गेली आणि उभीच राहिली. त्या जागी देव होता. ती कामाला लागली तेव्हापासून होता. कधीच्या तरी दसऱ्याला कुणीतरी तिथे शेंदराचं बोट टेकवलं असेल. मग दर दसऱ्याला तेल-शेंदूर, आणि रोज सकाळी तिचं स्वतःचं हळदीकुंकू. थरावर थर चढून दगडासारखं झालं होतं. आज सकाळीही ती याच्याच पाया पडली होती.

"दत्तू," ती म्हणाली, "लाकडाची पट्टी दे. आणि डिझेलची चिंधी."

"ताई! देव खरवडता?"

तिचेही हात थांबले. मग आठवलं, सप्तशृंगीच्या गडावर नाही का देवीच्या अंगावरचं शेंदराचं कवच उतरवलं? किती वर्षांचं होतं ते. आतून मूळ रूप निघालं, आणि ती स्वतः दर्शनाला जाऊन ढसाढसा रडली होती.

"खरवडत नाही रे. कवच उतरवते," ती म्हणाली. "माय, चुकलं तर पदरात घे."

खाली कागद पसरून ती खपली खपली काढत गेली. जमिनीवर एक कण पडू दिला नाही. आधी लोखंड दिसलं, मग आकडे. ४, १, २. पुढे ०. शेवटी ७.

४१२०७. दुसरी ओळ!

"म्हणजे पान फाडलं ते आपल्या गाडीचं," दत्तू म्हणाला. "आणि आपण विकलेल्या गाडीची सीलं मागवत बसलो?"

"आणि जिथे लिहिलं होतं, त्याच्यावर मीच रोज कुंकू लावत बसले."

तिनं फोन लावला. पर्वत पाटियाच्या पुढे, कडोदरा रोडवरच्या दुकानात ते सील होतं. एकच. दुकान सातला बंद. आत्ता चार वाजले होते.

सुषमानं शेंदराची पुडी बांधली, तापीत सोडायला म्हणून पिशवीत ठेवली. उघड्या पाटीवर, आकड्यांच्या बाजूला, कुंकवाचं एकच बोट लावलं. मग टेबलावरचं गेटपासचं पुस्तक उचललं आणि तेही पिशवीत टाकलं.

"शेठनी विचारलं तर?" दत्तूनं विचारलं.

"सांग, ताई सील आणायला गेल्यात."

फाटकाशी छगन उभा होता. त्यानं फाटक उघडून धरलं. पदर खांद्यावरून घेऊन ती रिक्षा थांबवायला रस्त्याच्या कडेला गेली.