अर्धवट मूर्तीची चाल

मी एक जुनी बासरी आहे, मित्रांनो. इतकी वर्षं झाली तरी अंगावर एकही भेग नाही, याचं लोकांना फार कौतुक. मला मात्र त्याचीच लाज वाटते.

एका कारागिराने बांबूच्या ढिगातून मला निवडलं, तापलेल्या सळईने भोकं पाडली आणि "हिला कोरडी पडू देऊ नका" असं बजावून माझ्या मालकाच्या हाती दिलं. त्याने ते तंतोतंत पाळलं. सकाळ-संध्याकाळ तेल, टोकांना घट्ट दोरा, झोपायला मऊ पिशवी. शेंडेफळासारखे माझे लाड झाले. तो स्वतःही घरचं शेंडेफळच होता.

बरीच वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. टाळ्या पडत, पण बेताच्याच. स्वतःचं काही सुचेना. मग मालक चित्रांची प्रदर्शनं पाहत हिंडला, नाचाच्या तालमींना कोपरा धरून बसला, आणि शेवटी हवं ते त्याला घरातच सापडलं.

त्याची ताई मातीच्या मूर्ती करायची. मागच्या खोलीत ती एका वाचनालयासाठी पुस्तक वाचणारी मुलगी घडवत होती. तिच्याकडे आलेलं हे पहिलंच मोठं काम. मान वळलेली, बोटं पुस्तकावर, पण चेहरा अजून नुसता गोळा. मालक दारातच थबकला. ताईने इतकं कमी दाखवलं होतं, तरी मुलगी वाचनात बुडालेली दिसत होती. त्याने मला ओठांना लावलं आणि आयुष्यात प्रथमच काही सूर गाळून वाजवलं. मधल्या रिकाम्या जागेत श्वास तेवढा राहिला. खरं सांगते, इतकी सुंदर मी कधीच वाजले नव्हते.

"ताई, माझी चाल पुरी होईपर्यंत हिचा चेहरा करू नकोस ना गं," तो म्हणाला. "चेहरा आला की मला पुढचं सुचायचं नाही."

ताई हसली आणि थांबली. मुदत जवळ आली तशी ती कुरकुरली, तर आई म्हणाली, त्याचं होऊ दे गं आधी, तुझी माती कुठे पळून चाललीय?

शेवटी मुदत वाढवून मागायला ताईच परगावी गेली. जाताना भावाला समजावून गेली, की माती वाळली की आकसते, आतला तारेचा सांगाडा आकसत नाही, मग तडे जातात. तेव्हा मूर्तीवरची फडकी सकाळ-संध्याकाळ भिजव. तो हो हो म्हणाला. मग मूर्ती डोळ्यांसमोर हवी म्हणून त्याने फडकी काढली, उजेड हवा म्हणून खिडकी उघडली आणि वाजवत बसला. सकाळी त्याने मला तेल लावलं. संध्याकाळीही लावलं.

ताई चार-पाच दिवसांनी परतली. मुदत मिळाली होती. मुलीची मान तडकून पुस्तकावर पडली होती.

"माती काय, पुन्हा मिळेल," आई म्हणाली. "त्याची चाल मात्र झाली हो."

वाढवून मिळालेले दिवस नव्या मूर्तीला पुरणारे नव्हते. काम दुसऱ्याकडे गेलं.

चालीने मात्र नाव काढलं. मैफलीत मालक भरल्या आवाजात सांगतो, एका भंगलेल्या मूर्तीने मला हे संगीत दिलं. लोक डोळे पुसतात. मूर्ती कुणाची होती आणि भंगली कशी, हे कुणी विचारत नाही. तो सांगत नाही. मी तर त्याच्या श्वासाशिवाय मुकीच.

परवा तो पुन्हा मागच्या खोलीपाशी गेला. आतून ओल्या मातीवर थापट्या पडत होत्या.

"ताई, नवीन काहीतरी चाललंय वाटतं? जरा बघू दे ना. बरेच दिवस काही सुचत नाहीये."

"पुरं झालं की बघ."

"पुरं झाल्यावर त्यात माझ्यासाठी काय उरणार?"

"मग नको बघूस," ताई म्हणाली आणि तिने आतून कडी लावली.

मित्रांनो, सूर कुठूनही उचला, चित्रातून, नाचातून, मातीतून. त्यात चोरी नाही. पण ज्याच्या हातून उचललात, त्याचं काम स्वतःसाठी ताटकळत ठेवू नका. आणि वाद्य किती छान जपलंय असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर खूश होण्याआधी घरात आणखी काय वाळत पडलंय ते एकदा बघून या.