दसऱ्याला माझ्या डोळ्यात कुंकू गेलं

मित्रांनो, मी मनगटाला बांधायचा एक जुना स्कॅनर आहे, आणि खरं सांगायचं तर पक्का चहाडखोर आहे. पनवेलजवळच्या एका गोदामात मी राहतो. खोक्यांवरच्या काळ्या रेघा वाचायच्या आणि कोण किती वेळ थांबलं ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा गोदाम सांभाळणारे गुरुदत्तसाहेब मला मऊ फडक्याने पुसायचे. "हा कधी खोटं बोलत नाही," असं चारचौघांत सांगायचे. मी फुगून जायचो.

जासईच्या मैनाताईंच्या मनगटावर मी चार वर्षं होतो. त्या पाणी प्यायला थांबल्या की मी लगेच कळवायचो. नव्या बाईला माल कुठे असतो ते दाखवायला थांबल्या, तरी कळवायचो. मग गोदामात खोकी वाहून नेणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या पाच गाड्या आल्या. माणसं कमी करायचं ठरलं आणि माझ्या चुगल्यांमुळे यादीत पहिलं नाव मैनाताईंचं लागलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला टेबलावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नेमकं माझ्या काचेवर हळदकुंकू लावलं. मी आंधळा झालो. पाचही गाड्यांना त्यांनी तितक्याच मनापासून लावलं. गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि केविलवाण्या पीं पीं करू लागल्या.

"अहो मैनाताई, ते डोळे आहेत त्यांचे!" साहेब ओरडले. दारात ट्रक खोळंबला होता.

"हत्याराची पूजा आज नाय करायची तं कवा करायची? तुमी बसा सायेब, आमी भरतो."

कोणत्या फळीवर काय आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या सांगत गेल्या, बायका खोकी उचलत गेल्या. दुपारच्या आत ट्रक भरला. साहेबांनी कागदाशी दोनदा ताडून पाहिलं, एक खोकं चुकलं नव्हतं.

ट्रक गेल्यावर मला पुसून कॉम्प्युटरला जोडलं. मी इमानेइतबारे कळवलं, 'मैना: काम शून्य, विश्रांती चार तास.' साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग रिकाम्या फळ्यांकडे. त्यांनी यादीतलं मैनाताईंचं नाव खोडलं. मला फार लाज वाटली.

बाकीच्या नावांचं अजून ठरायचंय. म्हणून सांगतो मित्रांनो, मला पुसा, वेळेवर चार्जिंगला लावा, पण नुसत्या माझ्या सांगण्यावरून कुणाला घरी पाठवू नका.

दसरा पुन्हा जवळ आलाय. कुंकू कुठे लावायचं ते कळावं म्हणून साहेबांनी गाड्यांच्या पाठीवर खडूने गोल काढलेत. मला मात्र मैनाताईंनी काचेवरच लावावं. एक दिवस तरी माझी चहाडी बंद राहील.