स्वखुशीने नव्हे

“अहो, सही करा आणि बाजूला व्हा,” शिवणबाई चौथ्यांदा म्हणाल्या. “मागे रांग बघा केवढी वाढलीय.”

त्यांचे यजमान विमानतळाच्या काउंटरवर वाकून एक फॉर्म वाचत होते. प्रत्येक ओळीखालून पेन्सिल सरकवत, जणू उद्या सकाळी हा फॉर्म छापून घरोघर जाणार आहे. अडतीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचली, दुसरं काही त्यांना येत नव्हतं. चष्मा कपाळावर चढवला की घर पेटलं तरी यांना कळायचं नाही, असं शिवणबाई शेजारणींना सांगत.

विमान साडेदहाचं होतं. दोघं दोन तास आधी आली होती, तासभर रांगेत उभी राहिली होती, बॅगांचं वजनही झालं होतं. मग काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाली, “काका, फ्लाइट फुल आहे. उद्या सकाळच्या विमानात बसवते. इथे फक्त सही करा.”

“फुल कशी? आमची तिकिटं आहेत ना?” शिवणबाईंनी विचारलं होतं.

“जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात, काकू. काही लोक येत नाहीत ना, म्हणून. आज सगळेच आले.”

उद्याच्या विमानाचा त्यांना काही उपयोग नव्हता. लेकीच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, ते डॉक्टरांनी अचानक आज दुपारी चारवर आणलं होतं. काल फोनवर ती हसत हसत म्हणाली, “मला आत नेण्याआधी पोचा हं दोघं.” आणि मग एकदम गप्प झाली. शिवणबाईंनी जन्मभर लोकांच्या पोरींचे फ्रॉक आणि गणवेश शिवले होते. मापं घेताना पोरगी श्वास धरून उभी आहे की नाही, ते त्यांना टेप न बघता कळायचं. काल लेकीने श्वास धरला होता.

“आजोबा, पेपर सोडवताय का? वेळ संपली,” मागचा जाडा गृहस्थ म्हणाला. दोघंतिघं हसले.

शिवणबाईंची कानशिलं तापली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि या माणसाने सगळीकडे अशीच रांग अडवली. भाडेकरार वाचून होईपर्यंत घरमालक तीन कप चहा प्यायला होता. छापखान्यात त्यांना ‘शंकासुर’ म्हणत. गंमत अशी, की चूक सापडली तरी ते कधी खोडत नसत. समासात बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचं आणि साहेबांपुढे जाऊन म्हणायचं, “माझं चुकत असेल, पण एकदा बघता का?” त्या प्रश्नचिन्हांवर इतरांना बढत्या मिळाल्या. हे निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत.

“माझं चुकत असेल,” ते आता त्या मुलीला म्हणाले, “पण इथे लिहिलंय, प्रवासी स्वखुशीने आपली जागा सोडत आहे.”

“ते छापीलच असतं, काका.”

“हो. पण मी खुशीने सोडत नाहीये.”

“रोज कितीजण सही करतात. कोणी वाचत पण नाही.”

“तू वाचलायस?”

मुलीने फॉर्म स्वतःकडे वळवला.

“सातव्या ओळीत आहे बघ. सही केली, की मग कंपनीकडे काहीही मागायचा हक्क राहत नाही.” त्यांनी खिशातून तिकिटाबरोबर आलेली पानं काढली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि त्यांखाली पेन्सिलीच्या खुणा. काल संध्याकाळी शिवणबाई बॅगा भरत होत्या तेव्हा हे खिडकीशी तेच वाचत बसले होते. “पोरीबद्दल काही मनात असेल तर बोला,” त्या फणकारल्या होत्या, “तिकिटाचं पारायण कसलं करताय?”

“यात म्हटलंय,” ते खालच्या आवाजात सांगत होते, “आधी सगळ्यांना विचारायचं, कोणी खुशीने मागे राहतं का. कोणी नाही मिळालं, तरच आमच्यासारख्यांना थांबवायचं. तेव्हा कारण लेखी द्यायचं. आणि होईल तितक्या लवकर पोचवायचं, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने का होईना. विचारलंत का कोणाला?”

मुलीने मान हलवली. नाही. मग तिने काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि आतून टायवाले साहेब बाहेर आले.

“सर, गेट बंद होतंय, आता वाद घालून काय फायदा?” ते म्हणाले. “सही केलीत तर उद्याची सीट पक्की. नाहीतर तीही सांगता येत नाही.”

शिवणबाईंनी यजमानांची बाही धरली. “अहो, द्या करून. हट्ट कसला?”

ते थांबले. आता समासात प्रश्नचिन्ह येणार, शिवणबाईंनी मनात म्हटलं.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं आणि ‘स्वखुशीने’ या शब्दावरून सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘इच्छेविरुद्ध’. मग सातवी ओळ खोडली, अख्खी. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली आणि कागद साहेबांकडे फिरवला.

“आता हे खरं आहे,” ते म्हणाले. “याची एक प्रत मला द्या.”

साहेब कागद घेऊन केबिनमध्ये फोन लावायला गेले. रांगेत कोणी हसलं नाही. जाडा गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, “आजोबा, ती पानं जरा मलाही दाखवा.”

वीस मिनिटांनी ती मुलगी स्वतः काउंटरच्या बाहेर आली. “काका, दुसऱ्या कंपनीचं साडेअकराचं विमान आहे. एक सीट मिळाली. एकच. दुसरी उद्याच.”

“ही जाईल,” ते लगेच म्हणाले.

“मी बरी जाईन! मिळवलीत तुम्ही,” शिवणबाई म्हणाल्या. “आणि ती लहानपणापासून बाबा बाबा करते.”

“मी तिथे जाऊन काय करणार? कोपऱ्यात उभा राहणार. ते मला इथेही जमतं.” मग चष्मा पुसत म्हणाले, “तू कपाळावर हात ठेवलास की ती शांत होते. मला ते कधी जमलं नाही.”

शिवणबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा चाराला वीस मिनिटं होती. लेकीला चाकांच्या खाटेवर घेतलं होतं. तिने आईच्या मागे पाहिलं. “बाबा?”

शिवणबाईंनी फोन लावून तिच्या कानाशी धरला, दुसरा हात कपाळावर ठेवला.

“काय करताय, बाबा?”

“बसलोय.”

“घाबरलायत?”

“थोडा.”

“मीपण,” ती म्हणाली, आणि तिने धरलेला श्वास सोडला.

मग खाट हलली. शिवणबाई फोन धरून बाजूने दारापर्यंत चालत गेल्या. तिथे नर्सने त्यांचा हात हलकेच बाजूला केला आणि दार लागलं.

त्यांनी फोन स्वतःच्या कानाला लावला. पलीकडे कुठल्यातरी विमानाची घोषणा चालली होती.

“नेलं?”

“नेलं.”

“बरं.”

यजमानांनी फोन ठेवला नाही. शिवणबाईंनीही नाही. भिंतीलगतच्या बाकावर त्या टेकल्या, आणि जराशा सरकून एका माणसाची जागा सोडून बसल्या.